मागे घेतलेला अर्ज

१

बुधवारी सकाळी माझ्या टेबलासमोर एक माणूस येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, मी केलेला अर्ज मीच मागे घेतला, असं वीजखातं म्हणतंय. मी घेतलेला नाही."

बाहेर धुकं होतं. त्या आठवड्यात ते उठलंच नाही. सकाळ कधी संपली आणि दुपार कधी झाली हे घड्याळाकडे बघितल्याशिवाय कळायचं नाही. कचेऱ्यांमधले दिवे दिवसभर जळत होते, आणि रस्त्यात समोरून येणाऱ्याची ओळख पटेपर्यंत तो मागे गेलेला असे. अशा हवेत मला सारखं वाटतं, की आपण अर्धवट झोपेत आहोत आणि आता कुणीतरी हाक मारून उठवणार आहे.

मी तक्रार कचेरीत तपासनीस आहे. वीस वर्षं सरकारी चुका शोधतेय, आणि खोटं कशाला बोलू, त्याचा मला थोडा तोरा आहे. मी त्याला "बसा" म्हटलं. तो बसला नाही.

तो पुस्तकं बांधणारा बाइंडर होता. बोटांच्या टोकांवर खळ सुकून तिचे पापुद्रे झाले होते, आणि बोलताना तो ते नखाने सोलत होता. घरात तो आणि त्याची अकरा वर्षांची मुलगी, एवढी दोनच माणसं. मुलीच्या छातीचे स्नायू जन्मापासून कमजोर. तिचा श्वास यंत्रावर चालतो आणि यंत्र विजेवर. शुक्रवारी सकाळी दहापासून चोवीस तास त्यांच्या भागातली वीज मोठ्या दुरुस्तीसाठी बंद राहणार होती.

"बॅटरी किती पुरते?"

"चार तास. नवी होती तेव्हा पाच."

"हॉस्पिटलात नाही का नेता येणार?"

"गेल्या वर्षी नेलं होतं. तिथून दुसराच आजार घेऊन आली. डॉक्टरच म्हणाले, आता हिला हलवू नका."

अशा घरांसाठी वीजखात्यात सोय आहे. अर्ज केला की खातं दारात जनरेटरची गाडी आणून उभी करतं. बाइंडरने सोमवारी अर्ज केला होता. त्याची पोच त्याने प्लास्टिकच्या पाकिटात जपून आणली होती. अर्ज मिळाल्याची वेळ अकरा बेचाळीस. मंगळवारी चौकशीला गेल्यावर खिडकीवरून त्याला दुसरा कागद मिळाला: "अर्जदाराने अर्ज मागे घेतला. निकाली."

खात्याचा नियम मला पाठ होता. मागे घेतलेला अर्ज पुन्हा उघडत नाही. नवा केला तर एकवीस दिवस लागतात. तक्रार कचेरीने चौकशी करून तो अर्ज खरोखर कुणी मागे घेतला त्याचं नाव लेखी कळवलं, तरच तो पुन्हा जिवंत होतो आणि थेट गाड्यांच्या यादीत जातो. आणि ती यादी गुरुवारी पाचला बंद होणार होती. म्हणजे ते नाव शोधायला माझ्याकडे दोन दिवसही नव्हते.

"तुमच्या वाईटावर कुणी आहे का?" मी विचारलं.

"माझ्या? बाई, मी लोकांच्या फाटक्या पुस्तकांना पुठ्ठे लावतो. माझ्या वाईटावर वाळवी आहे तेवढी."

मी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि निकालीच्या कागदावरचे बारीक आकडे पुन्हा वाचले. अर्ज निकाली निघाल्याची वेळही अकरा बेचाळीसच होती. त्याने पोच खिशात घालण्याआधीच कुणीतरी त्याच्या नावाने माघार घेऊन मोकळं झालं होतं.

२

वीजखात्याच्या इमारतीत एक लांबच लांब बोळ आहे. जिन्यातून धुकं आत शिरलं होतं आणि दिव्यांभोवती वर्तुळं दिसत होती. मी चालत होते, पण दारं जवळ येतायत असं वाटेना.

विभागाचे साहेब मात्र लख्ख जागे होते. टेबलावर एकही कागद नाही. मागे भिंतीवर फळा: "प्रलंबित अर्ज: शून्य."

"आमच्याकडे काही तुंबलेलंच नाही, तर चूक राहणार कुठे?" साहेब म्हणाले. "घरातल्याच कुणी फोन केला असेल. माणसं भांबावतात हो."

"घरात दोघंच आहेत. एक खाटेवरून उठत नाही आणि दुसरा माझ्याकडे तक्रार घेऊन आलाय. शिवाय माघारीसाठी अर्जदाराची सही लागते ना? ती कुठे आहे?"

साहेबांनी खण उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. सही नव्हती.

"गाड्या कमी पडतायत का?" मी मुद्दाम विचारलं. गाड्या अपुऱ्या असतील, तर अर्ज कमी करण्यात कुणाचा तरी फायदा होता.

"छे! आठ आहेत. गेल्या वर्षभरात दोनपेक्षा जास्त कधी बाहेरच पडल्या नाहीत." हे सांगताना त्यांना अभिमान वाटत होता. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून ते जरा नरमले. "अर्ज मान्य करायचं काम आमच्या टिकमार्ककडे आहे. त्याला विचारा."

टिकमार्क हा खिडकीमागचा कारकून. पन्नाशीचा, गुबगुबीत, स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत ओढलेल्या. त्याचं खरं नाव पगारपत्रकाखेरीज कुठे वापरात नव्हतं. त्याच्यासमोर पडदा, पडद्यावर यादी आणि यादीखाली एक बटण: "सर्व मान्य."

"दिवसाला चारशे अर्ज येतात," तो म्हणाला. "यंत्र ते वाचतं, कुठल्या टेबलाकडे जायचे ते ठरवतं, शेरा लिहितं. मी मान्य करतो."

"वाचून?"

"पहिला महिना वाचले. सगळे बरोबर निघायचे. मग म्हटलं, आपण कशाला त्याच्या कामात लुडबूड करा."

"नियम काय म्हणतो?"

"प्रत्येक निर्णय माणसाने स्वतः बघून मान्य करावा." त्याने घडाघडा म्हणून दाखवलं. "मी बघतोच की बाई. बटण बघतो."

मला हसू आलं, आणि हसल्याचा लगेच राग आला. त्या मुलीची बॅटरी चार तासांची होती.

"मग तो अर्ज तुम्हीच बंद केलात."

टिकमार्कचा चेहरा पडला. "मी बटण दिवसातून एकदाच दाबतो, चार वाजता. हा शेरा अकरा बेचाळीसचा आहे. माझ्याकडे आला तेव्हा तो बंदच होता. मी फक्त..." त्याने पडद्यावरच्या बटणाकडे बघितलं. "बाई, सही तर त्या माणसाने केलेली नाही. मग अर्जदाराने मागे घेतला, हे वाक्य यंत्र कुठून शिकलं?"

त्याने बोळाच्या टोकाच्या बंद दाराकडे बोट केलं.

३

दारामागे थंडगार खोली होती आणि तिच्यात यंत्रांची एकसुरी घरघर चालली होती. मध्ये दोन शाली पांघरून इंजिनीयर बसली होती. वयाने माझ्या भाचीएवढी. मी तिला पहिल्याच वाक्यात "अगं" म्हटलं, आणि तिनेही ते चालवून घेतलं.

"यंत्राला आम्ही एकही नियम सांगितलेला नाही," ती म्हणाली. "दहा वर्षांचे जुने अर्ज आणि त्या वेळच्या माणसांनी त्यांवर केलेल्या नोंदी, एवढंच त्याच्यासमोर ठेवलं. कुठल्या अर्जाचं माणसं काय करायची, ते बघून बघून ते शिकलं."

"मग त्याला विचार ना, हा अर्ज का बंद केलास."

"त्याला का ते सांगता येत नाही. पण आपण त्याला खोटे अर्ज देऊन बघू शकतो."

मी सांगत गेले आणि ती लिहीत गेली. आमच्या गल्लीतला दिवा लुकलुकतो. यंत्राने अर्ज तपासणीच्या टेबलाकडे पाठवला. काचेच्या टाकीतले माझे मासे वीज गेली तर मरतील. हाही तपासणीकडे. आई अंथरुणाला खिळून आहे, तिच्या गादीत हवा भरणारा पंप विजेवर चालतो. यंत्र क्षणभर थांबलं. अर्ज मागे घेतला. वडिलांचा ऑक्सिजन चालू आहे. मागे घेतला. माझ्या बाळाचा श्वास यंत्रावर आहे. हा तर आम्ही हात उचलायच्या आत मागे गेला.

आम्ही आणखी वीस अर्ज टाकले. निकाल बदलला नाही. जितका जीव टांगणीला, तितका अर्ज लवकर बंद होत होता. मासे वाचणार होते आणि बाळ वाचणार नव्हतं.

इंजिनीयर पडद्यापासून मागे सरकली. "मी हे... असं मी केलेलं नाही हो."

"कुणी तपासलं नव्हतं का सुरू करण्याआधी?" माझा आवाज चढला. या प्रश्नावर समोरच्याची बोबडी वळते हे मला अनुभवाने माहीत होतं.

"तपासलं होतं. पाचशे जुने अर्ज घेतले. यंत्राचा निर्णय आणि रजिस्टरमधला जुना निर्णय ताडून बघितला. सत्त्याण्णव टक्के जुळले."

"आणि जुळले म्हणून पास? त्या तपासनिसाने एक तरी अर्ज उघडून वाचला का?"

तिने एक कागद पडद्यावर आणला आणि पडदा माझ्याकडे वळवला. प्रमाणपत्र होतं. खाली तक्रार कचेरीचा शिक्का होता आणि शिक्क्यावर माझी सही होती.

४

मी जिन्याच्या पायरीवर बसून राहिले. वरून कुणी उतरत होतं की खालून कुणी चढत होतं, धुक्यात काही कळत नव्हतं.

मला ती दुपार आठवली. गेल्या हिवाळ्यात अकरा यंत्रं तपासायला आली होती. आमच्या कचेरीची पद्धत अशी, की तपासनिसाचं मन कुणीकडे झुकू नये म्हणून खात्याचं नाव झाकायचं. मला फक्त क्रमांक मिळायचे आणि निर्णयांच्या दोन रांगा. यंत्र काय म्हणालं आणि पूर्वीचा माणूस काय म्हणाला. जुळलं की बरोबरची खूण. अकरा यंत्रं मी एका दुपारीत संपवली आणि घरी जाऊन बहिणीला फुशारकीने सांगितलंही. पूर्वीचा माणूस तसं का म्हणाला असेल, हा प्रश्न मला शिवलाही नव्हता.

त्यानंतर मी जे केलं ते लिहायला लाज वाटते. मी दुसरा गुन्हेगार शोधायला निघाले.

दप्तरखोलीत जुनी रजिस्टरं होती. दहा वर्षांत अर्जदाराने मागे घेतलेले अर्ज एकशे ब्याण्णव. शेवटच्या रकान्यात नोंद करणाऱ्याची खूण असते. एकशे ब्याण्णव ठिकाणी एकच खूण होती, बारीक, सुबक, एका बाजूला कललेली.

"ही? ही अक्कांची," टिकमार्क म्हणाला. "मोठ्या कारकून होत्या. यंत्र आलं त्याच वेळी निवृत्त झाल्या."

श्वास, ऑक्सिजन, रक्तशुद्धी, तान्हं मूल. एकूण एक जिवावरचे अर्ज. आणि या अक्कांनी ते आल्या दिवशी बंद केले होते. यंत्राला हे कुणी शिकवलं, ते आता उघड होतं. मला बरं वाटलं. साहेबांना तर आनंदच झाला.

"लिहा त्यांचंच नाव!" ते म्हणाले. "निवृत्त बाई आहे, कुणाचं काही बिघडत नाही. तुमचा अहवाल पूर्ण, त्या माणसाला गाडी. आत्ता सही करा, आत्ता गाडी देतो."

पेन माझ्या हातात होतं. बाइंडरच्या मुलीचा जीव वाचत होता. मला नकार द्यायला कारण नव्हतं. फक्त एक गोष्ट खुपत होती. इतकी माणसं दारातून परत पाठवली, तर दहा वर्षांत आमच्याकडे एक तरी तक्रार यायला हवी होती. अक्कांविरुद्ध एकही आलेली नव्हती.

"सकाळी लिहिते," मी म्हटलं आणि खाली गाड्यांच्या आवारात गेले.

जनरेटरच्या आठ गाड्या धुक्यात ओळीने उभ्या होत्या. ड्रायव्हरकाका फडक्याने एकेकीची काच पुसत होते. पुसून होताच ती पुन्हा धुरकट व्हायची.

"अक्का कशा होत्या हो?"

"कडक," काका म्हणाले. "गाड्यांची सारखी चाचणी घ्यायला लावायच्या. आता कोण विचारतं गाड्यांना."

"चाचणीची नोंद असेल ना?"

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग सीटखालून एक जाडजूड वही काढली. "लिहिलंय ते वाचा. मी काही सांगितलेलं नाही."

मी दप्तरखोलीतून उतरवून आणलेल्या तारखा वहीशी लावू लागले. अक्कांनी अर्ज बंद केला त्या दिवसानंतरची पहिली वीजबंदी, आणि वहीत त्याच तारखेला, "चाचणी." दुसरी तारीख, चाचणी. चाळीस तारखा लावल्या, चाळीसही जुळल्या. पण मला हलवलं ते पुढच्या रकान्याने. चाचणीचा वेळ: अकरा तास. चौदा तास. सव्वीस तास.

जनरेटर चालतो की नाही हे बघायला दहा मिनिटं पुरतात. सव्वीस तास गाडी कुणाच्या दारात उभी होती?

५

गुरुवारी सकाळी मी अक्कांकडे गेले. त्या आपल्या भावजयीकडे राहत होत्या. दार भावजयीनेच उघडलं.

"कचेरीतून आलात? घेऊन जा त्यांना," ती म्हणाली. "निवृत्त झाल्यापासून माझं घर चालवतात. माझ्या रुमालांनासुद्धा क्रमांक घातलेत."

आत अक्का इस्त्री करत होत्या. ठेंगण्या, ताठ, केस घट्ट बांधलेले. इस्त्रीच्या वाफेने आणि खिडकीबाहेरच्या धुक्याने खोली नुसती पांढरी झाली होती, आणि त्या पांढऱ्यातून त्यांचा आवाज आला, "बसा. कुठला अर्ज?"

"एकशे ब्याण्णव आहेत."

त्यांनी इस्त्री उभी ठेवली.

"मी सांगू का काय झालं ते?" मी म्हटलं. "चुकलं तर थांबवा. उघडा अर्ज तीन टेबलांवरून जातो. तपासणी, अभिप्राय, मंजुरी. एकवीस दिवस. वीज जाणार असते चार दिवसांनी. टेबल चुकवलं तर नियमभंग. पण बंद झालेल्या अर्जाकडे कुणी ढुंकून बघत नाही. म्हणून जो अर्ज थांबूच शकत नव्हता, तो तुम्ही आधी बंद करायचात. अर्जदाराने मागे घेतला असं लिहिलं, की त्याला जोड कागद लागत नसे, त्या काळी सहीसुद्धा नाही. अर्ज नियमातून सुटला. मग काकांना म्हणायचं, गाडी चाचणीला काढा. आणि चाचणी त्या माणसाच्या दारात."

अक्कांनी इस्त्रीचं बटण बंद केलं.

"मी स्वतः जायची," त्या म्हणाल्या. "केबल खिडकीतून आत गेली, यंत्र चालू झालं, हे बघूनच घरी यायची. पण ते लिहिणार कुठे? त्याला रकानाच नव्हता. आणि लिहिलं असतं तर काकांची नोकरी गेली असती." मग त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "हे तुम्हाला आज का हवंय?"

मी सांगितलं. यंत्राचं, बाइंडरचं, त्या मुलीचं. यंत्राने रजिस्टरातलं सगळं वाचलं, आणि जे रजिस्टरात नव्हतं ते त्याला कुणी सांगितलंच नाही. या सगळ्यात एक माणूस वाईट असता तर मला सांगणं सोपं गेलं असतं.

अक्का खाली बसल्या. त्यांनी दोन्ही हात इस्त्री केलेल्या कपड्यांवर ठेवले आणि घड्या दाबून सारख्या करत राहिल्या. "म्हणजे मी केलं ते अर्धंच शिकलं ते," त्या म्हणाल्या. "दार लावायचं तेवढं शिकलं." त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

भावजय दारात उभी होती. थट्टा करण्यासारखं तिला काही सापडलं नाही. तिने आतून अक्कांची शाल आणून दिली.

अक्का उठल्या. "वर्ष झालं ना यंत्राला? मग ती एकच मुलगी कशी असेल? बाकीचे किती?"

हा प्रश्न मी स्वतःला अजून विचारला नव्हता.

६

एकतीस होते. इंजिनीयरने यंत्राने बंद केलेले सगळे अर्ज छापून काढले, आणि आम्ही ते साहेबांच्या स्वच्छ टेबलावर पसरून वाचायला बसलो. अक्का, मी, टिकमार्क, इंजिनीयर. टिकमार्क ओठ हलवत वाचत होता, शाळेत वाचतात तसा. एका अर्जावर तो थांबला, चष्मा काढला आणि म्हणाला, "हा मी मान्य केलाय. मार्चमध्ये." मग पुढचा उचलला.

उद्याच्या भागातले सात निघाले, बाइंडर धरून. बाकीचे मागच्या वीजबंद्यांमधले. त्यांना अक्का फोन करत होत्या. सगळे जिवंत होते, कसे ते त्यांचं त्यांना ठाऊक. एका बाईचा आवाज फोनबाहेर आम्हाला सगळ्यांना ऐकू आला. "रात्रभर चौघांनी आळीपाळीने हाताने पंप मारला. हात सुजले आमचे. आणि तुम्ही आज फोन करताय?" अक्का "हो" म्हणाल्या. मग पुढचा नंबर फिरवला.

पाचला वीस मिनिटं कमी असताना मी अहवाल पुढे ओढला. सातही अर्जांना एकच रकाना भरायचा होता: "अर्ज मागे घेणाऱ्याचे नाव व पद."

"अक्कांचं लिहा," साहेब म्हणाले.

"लिहा," अक्काही म्हणाल्या. "माझंच शिकलंय ते."

"तुम्ही त्याला शिकवायला बसला नव्हतात," मी म्हटलं. "तुम्हाला कुणी विचारलंही नाही की ही नोंद अशी का."

"मग यंत्र लिहा."

"यंत्राला पद नसतं, साहेब."

टिकमार्कने हात अर्धवट वर केला होता. इंजिनीयर शालीचं टोक चावत होती. दोघांचाही वाटा होता, साहेबांचाही होता, आणि तो मी पुढच्या पानांवर सविस्तर लिहिला. यंत्राने अर्ज टेबलांकडे लावावेत, पण एकही बंद करू नये, हेही लिहिलं. बंद करणाऱ्या माणसाने आधी पूर्ण वाचावा आणि मगच खाली नाव घालावं. पण रकान्यात एकच नाव मावत होतं. ज्या यंत्रावर "चालू करण्यास हरकत नाही" अशी सही नसती, ते चालूच झालं नसतं. हरकत घ्यायची जागा माझी होती. पगार त्याचाच मिळतो मला.

मी माझं नाव लिहिलं. खाली पद: तपासनीस, तक्रार कचेरी.

साहेबांनी वाकून वाचलं. "अहो, असं कधी कुणी लिहितं का? तुमची नोकरी..."

"पाचला दहा कमी आहेत," अक्का म्हणाल्या, आणि शिक्का उचलून त्यांच्या हातात दिला.

७

शुक्रवारी दहाला त्या भागातले सगळे दिवे एकदम गेले. धुक्यात काही कोसळल्याचा आवाज झाला नाही, की कुणी ओरडलं नाही. नुसता उजेड कमी झाला. मग खाली गाडी धडधडायला लागली.

मी तिसरा मजला चढून गेले. दार उघडंच होतं. खोलीत भिंतीला लागून पुस्तकांच्या चळती, एक लोखंडी दाबयंत्र, आणि खिडकीजवळ खाट. खिडकीतून जाड केबल आत आली होती. खाटेवर मुलगी होती, काडीसारखी बारीक, डोळे मात्र भलतेच चौकस. गळ्याशी नळी होती आणि ती दर दोन-तीन शब्दांनंतर यंत्राच्या श्वासाची वाट बघून बोलत होती.

"तुम्ही त्या... तपासनीस मावशी?"

"हो."

"नाव... सापडलं?"

बाइंडर केबलचा जोड तपासत होता. तो सरळ झाला. मी बसले नाही. उभ्यानेच दोघांना सगळं सांगितलं. अकरा यंत्रं, दोन रांगा, एक दुपार. "तुमचा अर्ज माझ्या सहीने मागे गेला," मी म्हटलं. "माझ्याकडून फार मोठी चूक झाली."

तो चिडला असता तर मला सोपं गेलं असतं. तो बोटावरची खळ सोलत राहिला.

"पाचशे अर्ज होते म्हणता. त्यातला एकही वाचला नाहीत?"

"नाही."

"का?"

"सगळं जुळत होतं."

त्याने मान हलवली. मग खाटेशेजारच्या यंत्राकडे बघितलं. "हे चांगलं यंत्र आहे, बाई. अकरा वर्षांत तीनदाच चुकलं. तिन्ही वेळा मी जागा होतो."

खालून गाडीची धडधड येत होती. मुलगी माझ्याकडे बघत होती.

"मंगळवारपासून मी झोपलो नाहीये," बाइंडर म्हणाला. "दोन तास पडतो. तुम्ही बसा हिच्यापाशी. हा हिरवा आकडा रक्तातल्या ऑक्सिजनचा, नव्वदच्या खाली आला तर मला हलवा. तसा भोंगाही वाजतो. पण भोंग्यावर राहू नका. आकड्यावरही राहू नका. हिच्याकडे बघा."

एवढं बोलून तो चळतींच्या मधल्या चटईवर भिंतीकडे तोंड करून आडवा झाला, आणि मी काही म्हणायच्या आत झोपला.

"बाबा कुणालाच... बसू देत नाहीत," मुलगी म्हणाली. "घोरतील आता. तुम्ही... घाबरू नका."

आकडा शहाण्णव होता. मी स्टूल खाटेजवळ ओढलं, आकड्याकडे पाठ केली, आणि तिच्याकडे बघत बसले.